कोल इंडियाचा लाभांश: २०१४ चे २९ रुपये आणि २०२० चे १२ रुपये

लाभांशासाठी शेअर निवडणारे बहुतेक जण पहिल्यांदा डिव्हिडंड यील्डचा, म्हणजे शेअरच्या भावाच्या किती टक्के लाभांश मिळतो याचा, तक्ता उघडतात आणि वरून खाली वाचत जातात. त्या तक्त्यात गेली दहा-बारा वर्षं एक नाव जवळजवळ कायम वरच्या रांगेत आहे, ते म्हणजे कोल इंडिया ही सरकारी कोळसा कंपनी. म्हणून हाच एक शेअर घेऊन त्याची पंधरा वर्षं उलगडायची ठरवली. भरवशाचा लाभांश आणि नुसता मोठा लाभांश यांतला फरक इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण आपल्या बाजारात मला तरी दिसत नाही. खाली जी वर्षं लिहिली आहेत ती आर्थिक वर्षं आहेत. '२०१३-१४' म्हणजे मार्च २०१४ ला संपलेलं वर्ष.

ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारने या कंपनीतला १० टक्के हिस्सा विकायला काढला. भाव ठरला २४५ रुपये, किरकोळ गुंतवणूकदारांना त्यावर ५ टक्के सूट. जमा झाले १५ हजार कोटींहून जास्त, आणि तोवरचा तो देशातला सर्वांत मोठा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली सार्वजनिक विक्री, होता. ४ नोव्हेंबरला शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ३४२ रुपयांवर बंद झाला. विदर्भातल्या लोकांना ही कंपनी वेगळी सांगायला नको. तिची उपकंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्स नागपूरला आहे, आणि चंद्रपूर, वणी, माजरी, घुग्घुस, उमरेड या पट्ट्यात तिच्या खाणींवर गावंच्या गावं उभी आहेत. पण जवळून ओळखीची कंपनी म्हणजे समजलेली कंपनी, असं होत नाही. विदर्भातल्या खाणींचा उत्पादनखर्च जास्त आहे. समूहाचा नफा मुख्यतः ओडिशातल्या महानदी, छत्तीसगडातल्या साउथ ईस्टर्न आणि सिंगरौलीच्या नॉर्दर्न कोलफिल्ड्समधून येतो. वणीच्या खाणीकडे बघून कोल इंडियाचा अंदाज बांधणारा माणूस चुकू शकतो.

आता लाभांश पाहू. शेअरमागे २०१०-११ ला ३.९० रुपये, मग १०, मग १४. त्यानंतर २०१३-१४ ला एकदम २९ रुपये. पुढे २०.७०, २७.४०, १९.९०, १६.५०, १३.१०, आणि २०१९-२० ला १२. तिथून परत चढण लागली: १६, १७, २४.२५, २५.५०, आणि २०२४-२५ ला २६.५०. एकही वर्ष कोरडं गेलं नाही, हे खरंच आहे. पण 'दरवर्षी देते' आणि 'भरवशाने देते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २७.४० वरून चार वर्षांत १२ वर येणं म्हणजे निम्म्याहून जास्त घट. घरखर्चाला हे पैसे लावणाऱ्याच्या दृष्टीने ती लहान गोष्ट नाही.

जानेवारी २०१४ मध्ये काय झालं ते नीट पाहायला हवं. या कंपनीने वर्षानुवर्षं रोख रक्कम साठवली होती. मार्च २०१३ अखेर तिच्या हातात आणि बँकांत मिळून ६२ हजार कोटींहून जास्त पैसे होते. दुसऱ्या बाजूला सरकारची वित्तीय तूट वाढत होती आणि कोल इंडियातला आणखी हिस्सा विकायला कामगार संघटनांचा विरोध होता. मग २९ रुपयांचा अंतरिम (वर्ष संपायच्या आधीच दिलेला) लाभांश जाहीर झाला, एकूण सुमारे १८,३०० कोटी. सरकारचा हिस्सा तेव्हा ९० टक्के होता, म्हणजे जवळजवळ साडेसोळा हजार कोटी थेट तिजोरीत गेले. कंपनीने भरायचा लाभांश वितरण कर त्याच्या वर वेगळा. लहान भागधारकांच्या खात्यातही अर्थातच पैसे आले आणि सगळे खूश झाले. पण त्या वर्षी शेअरमागे कमाई, म्हणजे निव्वळ नफा, होती २३.९० रुपये. कमावले २३.९०, दिले २९.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. म्हणून पंधरा वर्षांची कमाई आणि लाभांश मी तीन तुकड्यांत शेजारी-शेजारी मांडले. पहिली तीन वर्षं, २०१०-११ ते २०१२-१३: शेअरमागे कमाई सुमारे ६८ रुपये, लाभांश २७.९०. पैसा साठत होता. पुढची पाच वर्षं, २०१३-१४ ते २०१७-१८: कमाई सुमारे ९४ रुपये, लाभांश ११३.५०. म्हणजे पाच वर्षांत कमावलं त्याहून १९ रुपये जास्त वाटले, शिवाय त्यावरचा वितरण कर. साठा उपसला जात होता. आणि शेवटची सात वर्षं, २०१८-१९ ते २०२४-२५: कमाई सुमारे २६८ रुपये, लाभांश १३४.३५. जवळजवळ नेमका निम्मा.

मधल्या पाच वर्षांत यील्डचा तक्ता सर्वांत सुंदर दिसत होता. लाभांशाची बाजू सर्वांत कच्ची होती तीही त्याच पाच वर्षांत.

जानेवारी २०१५ मध्ये सरकारने ऑफर फॉर सेलमधून (आपल्याकडचे शेअर थेट बाजारात काढून) आणखी १० टक्के हिस्सा विकला. किमान भाव ३५८ रुपये होता आणि सुमारे साडेबावीस हजार कोटी उभे राहिले. एखाद्या निवृत्त माणसाने तेव्हा हिशेब केला असेल तो असा: गेल्या वर्षीचा लाभांश २९, भाव ३५८, म्हणजे ८ टक्क्यांहून जास्त यील्ड, आणि तेही त्या काळच्या नियमाप्रमाणे हातात करमुक्त. मुदत ठेवीवर साडेआठ-नऊ टक्के मिळत होते, पण त्यावर कर होता. वरून सरकारी कंपनी, कोळशात जवळजवळ मक्तेदारी, कर्ज नगण्य. कागदावर हा निर्णय चुकीचा म्हणता येत नव्हता. ऑगस्ट २०१५ मध्ये भाव ४४७ ला गेला तेव्हा तर तो शहाणपणाचाही वाटला असेल.

नोव्हेंबर २०२० मध्ये भाव ११५ च्या आसपास होता. मधल्या काळात, २०१४-१५ ते २०१९-२० या वर्षांसाठी, त्याला शेअरमागे १०९.६० रुपये लाभांश मिळाला. दोन्हींची बेरीज सुमारे २२५. गुंतवले होते ३५८. जवळजवळ सहा वर्षं थांबून, सगळा लाभांश जमेला धरूनही एक तृतीयांशाहून जास्त भांडवल गेलेलं. आयपीओत २४५ ला घेतलेल्याची स्थिती थोडी बरी होती. १६६.५० रुपये लाभांश आणि ११५ चा भाव. पण दहा वर्षांचा वार्षिक परतावा काढला तर जेमतेम २ टक्के येतो. बचत खात्यात याहून जास्त मिळाले असते.

ही पडझड कशामुळे झाली? कारण एकच नव्हतं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कामगारांशी दहावा वेतन करार झाला. २० टक्के वाढ, आणि तीही जुलै २०१६ पासून मागच्या तारखेने. २०१८ मध्ये ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १० लाखांवरून २० लाखांवर गेली आणि लाखो कामगार असलेल्या कंपनीला त्यासाठी मोठी तरतूद करावी लागली. २०१७-१८ ची कमाई शेअरमागे ११.३० वर घसरली, आणि लाभांश दिला १६.५०. त्यात सरकार थोड्या थोड्या वेळाने हिस्सा विकत राहिलं. बाजाराला माहीत होतं की भाव जरा वर गेला की आणखी शेअर येणार. परदेशी फंडांनी पर्यावरणाच्या कारणाने कोळशाकडे पाठ फिरवली. शेवटी टाळेबंदीत विजेची मागणी घटली.

मालक कोण आहे आणि त्याला पैसा कशासाठी हवा आहे, हा प्रश्न लाभांशाच्या चर्चेत फार कमी विचारला जातो. कोल इंडियाच्या बाबतीत तो सर्वांत आधी विचारायला हवा होता. सरकारला लाभांश हवा असतो, कारण तूट भरायची असते. पण वीज महाग होऊ नये म्हणून कोळशाचा भावही दाबून ठेवायचा असतो. या दोन इच्छा लहान भागधारकाला उलट्या दिशांनी ओढतात. लंडनचा टीसीआय हा फंड २०१२ मध्ये याच मुद्द्यावर कंपनी आणि तिच्या संचालकांविरुद्ध न्यायालयात गेला होता. सरकारच्या सांगण्यावरून कंपनी स्वस्तात कोळसा विकते आणि त्यात अल्पसंख्य भागधारकांचं नुकसान होतं, असं त्याचं म्हणणं होतं. दोन वर्षांनी त्याने आपले शेअर विकून काढता पाय घेतला. २९ रुपयांच्या लाभांशाचं वर्षही २०१४ आणि हा फंड बाहेर पडला तेही २०१४, हे मला फार बोलकं वाटतं.

सरकारी कंपनीच्या लाभांशाला एक आधारही असतो, तो नाकारून चालणार नाही. २०१६ मध्ये केंद्राने नियम घातला की सरकारी कंपन्यांनी निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्तमूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरलेल्या रकमेच्या) ५ टक्के, यांतली जी रक्कम जास्त असेल तेवढा तरी लाभांश द्यावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५ टक्क्यांचे ४ टक्के झाले. म्हणजे खालची पातळी बरीचशी ठरलेली आहे. वरचे पैसे मात्र त्या वर्षीच्या नफ्यावर आणि तिजोरीच्या गरजेवर अवलंबून. भरवसा ठेवायचाच असेल तर तो या खालच्या पातळीवर ठेवावा.

आता २०२० च्या अखेरीकडे येऊ. भाव ११५, गेल्या वर्षीचा लाभांश १२, यील्ड १० टक्क्यांच्या वर. बहुतेकांचं मत होतं की हा सापळा आहे: कोळशाचा अंत जवळ आलाय, लाभांश दरवर्षी घटतोय, दूर राहा. २०१५ ला पोळलेल्यांना तर हे पटकन पटलं. पण आकडे वेगळंच सांगत होते. २०१९-२० ची कमाई होती शेअरमागे २७ रुपये आणि लाभांश फक्त १२. लाभांश कमी होता, कारण आता तो कमाईच्या आत होता. २०१४ मध्ये ८ टक्के यील्ड साठ्यातून येत होतं, २०२० मध्ये १० टक्के यील्ड चालू नफ्याच्या निम्म्याहून कमी पैशातून. दोन्ही वेळा तक्त्यात 'उच्च यील्ड' एवढंच लिहिलेलं.

त्या वेळी चित्र अगदी स्वच्छ होतं, असा दावा मी करणार नाही. २०१९-२० मध्ये नफा १६,७०० कोटी होता, पण व्यवसायातून प्रत्यक्ष हातात आलेली रोकड सुमारे पाच हजार कोटीच होती. उरलेले पैसे वीज कंपन्यांकडे अडकले होते. कोळसा गेला, बिल गेलं, पैसे आले नाहीत. नफा-तोटा पत्रकात नफा दिसतो, बँकेत दिसत नाही. १२ रुपयांच्या लाभांशालाच जवळजवळ ७,४०० कोटी लागले, म्हणजे त्या एका वर्षी तोही रोकडीतून पुरा भागला नाही. इथे वाचणाऱ्याला निवाडा करावाच लागतो: हे पैसे बुडणार, की उशिरा येणार? राज्यांच्या वीज कंपन्या देणी रखडवतात, पण कोळशाशिवाय त्यांचे संच बंद पडतात, त्यामुळे त्यांना या कंपनीचं दार सोडता येत नाही. माझ्या मते 'उशिरा येणार' हे उत्तर तेव्हाही जास्त संभवनीय होतं. २०२१-२२ मध्ये थकबाकी वसूल झाली, ई-लिलावातले (ऑनलाइन बोली लावून विकल्या जाणाऱ्या कोळशाचे) भाव चढले आणि त्या वर्षीची रोकड ४० हजार कोटींच्या वर गेली.

त्यानंतरच्या वर्षांत शेअरमागे कमाई ४५, मग ६०, आणि २०२४-२५ ला ५७ च्या आसपास. २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांसाठी मिळून १०९.२५ रुपये लाभांश जाहीर झाला. म्हणजे २०२० च्या भावाइतके पैसे जवळजवळ लाभांशातूनच परत. ऑगस्ट २०२४ मध्ये भाव ५४० च्याही वर गेला होता. आयपीओत घेतलेल्याला २०२३-२४ पर्यंतचा एकूण लाभांश २४९.२५ रुपये झाला, त्याच्या २४५ च्या खरेदीहून जास्त.

'गुंतवणूक फुकट झाली' असं यावर अनेक जण म्हणतात. मला हे वाक्य दिशाभूल करणारं वाटतं, कारण चौदा वर्षांपूर्वीचे २४५ आणि आजचे २४५ एक नव्हेत. मार्च २०२५ अखेरचा सुमारे ३९८ चा भाव आणि तोवरचा सगळा लाभांश धरून मी वार्षिक परतावा काढला, तो कराआधी साडेनऊ ते दहा टक्क्यांच्या दरम्यान येतो. त्याच काळात निफ्टी हा बाजाराचा निर्देशांक ६,३०० वरून साडेतेवीस हजारांवर गेला, म्हणजे लाभांश न धरताच साडेनऊ टक्के. देशातला एवढा मोठा लाभांश देणारा शेअर चौदा वर्षं जपून, मधली सहा-सात वर्षं जीव मुठीत धरून, शेवटी साध्या इंडेक्स फंडाच्या थोडं मागेच राहायचं. हे वाईट नाही, पण 'हमखास उत्पन्न' म्हणून जे विकलं जातं ते हे नव्हे.

शेजारी सिगारेटच्या धंद्यातली आयटीसी ठेवून पाहिलं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आयटीसीने २०२० मध्ये धोरणच जाहीर केलं की नफ्याच्या ८० ते ८५ टक्के वाटायचे. लाभांश २०१९-२० ला १०.१५, मग १०.७५, ११.५०, १५.५०, १३.७५ आणि १४.३५. मधला १५.५० पाहून पुढच्या वर्षी लाभांश घटला असं वाटतं, पण त्यात २.७५ रुपये विशेष लाभांश होता. तो वगळला की रांग सरळ चढती आहे. कोल इंडियाच्या २९ मधूनही असाच साठ्याचा भाग वेगळा काढून पाहिला असता, तर ३५८ च्या भावावर यील्ड ८ टक्के कोणी धरलं नसतं. पेआउट, म्हणजे नफ्यातला वाटलेला हिस्सा, ८० टक्के म्हणजे धोका आणि ४५ टक्के म्हणजे सुरक्षित, असंही सरसकट नाही. सिगारेटचा धंदा वर्षानुवर्षं कमी भांडवलात रोकड देतो, तो ८० टक्के वाटू शकतो. कोळशाच्या धंद्याला खाणी, जमीन, रेल्वेमार्ग लागतात आणि त्याची कमाई चार वर्षांत तिप्पट किंवा निम्मी होऊ शकते. त्याने निम्मंच वाटावं हे बरं.

करामुळेही गणित बदललं आहे, आणि जुन्या लेखांतलं 'करमुक्त लाभांश' वाचून अजून गल्लत होते. १ एप्रिल २०२० पासून वितरण कर गेला आणि लाभांश आपल्या उत्पन्नात धरून आपल्या टप्प्याप्रमाणे करपात्र झाला. ३९८ च्या भावावर २६.५० लाभांश म्हणजे ६.७ टक्के यील्ड; ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ते हातात पावणेपाचच पडतं. कमी उत्पन्नाच्या निवृत्त माणसाला मात्र हाच बदल फायद्याचा आहे, कारण पूर्वी कंपनी कर कापूनच वाटायची. साठीपुढच्यांनी, करपात्र उत्पन्न नसेल तर, टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) कापू नये यासाठीचा फॉर्म वेळेवर भरावा. २०२५-२६ पासून एका कंपनीकडून वर्षाला १० हजारांपर्यंतच्या लाभांशावर टीडीएस कापला जात नाही. आधी ही मर्यादा ५ हजार होती.

मग मार्च २०२५ च्या ३९८ च्या भावाला आणि २६.५० च्या लाभांशाला हा शेअर दीर्घकाळासाठी घ्यावा असा होता का? खरेदी-विक्रीचा सल्ला देणं माझं काम नाही, पण मी काय पाहीन ते सांगतो. लाभांश कमाईच्या निम्म्याहून कमी होता, त्यामुळे २०१४ सारखी उपसण्याची स्थिती नव्हती. पण कमाई स्वतःच चढत्या भावांच्या काळातली होती. २०२० मध्ये व्यापारी तत्त्वावर खाणींचे लिलाव सुरू झाले आणि २०२४-२५ पर्यंत व्यापारी व बंदिस्त (मालकाच्या स्वतःच्या वापरासाठीच्या) खाणींचं उत्पादन १९ कोटी टनांवर पोचलं. कोल इंडियाचं त्याच वर्षीचं उत्पादन ७८ कोटी टन होतं, आदल्या वर्षीपेक्षा जेमतेम एक टक्का जास्त. ई-लिलावातला जादा नफा या स्पर्धेत टिकेलच असं नाही. सौरऊर्जा आणि कोळशापासून वायू बनवण्याचे प्रकल्प यांवरही पैसा जाणार आहे. म्हणून वार्षिक अहवाल आला की मी पहिल्यांदा रोख प्रवाहाचं पान उघडीन, मग थकबाकी, मग भांडवली खर्च, आणि लाभांशाचा आकडा सर्वांत शेवटी.

आणि घरखर्चासाठी हिशेब करायचा तर तो २६.५० वर करणार नाही. एक हजार शेअर असतील तर २०२४-२५ ला २६,५०० रुपये आले. २०१५-१६ ला २७,४०० आले होते आणि चार वर्षांनी १२,०००. खर्चाच्या वहीत मी १२,००० धरीन. वरचे आले तर त्यांतून दुसरा, वेगळ्या धंद्यातला शेअर घेता येईल.